घरच्या राउटरची आज्ञावली व इंटरनेटचे नवे पत्ते

ज्या वस्तु अहोरात्र आपल्या उपयोगीं पडतात त्यांचीच चौकशी आपण सर्वांत कमी करतों. विहिरीला पाणी आहे तोंवर तिच्या झऱ्यांची आठवण कोणास होत नाहीं. दिवा लागत आहे तोंवर तारेचा मार्ग कोणी शोधीत नाहीं. हल्लीं पुष्कळ घरांतून भिंतीवर किंवा कपाटाच्या माथ्यावर एक लहानशी पेटी ठेविलेली असते. तिचे दोन-चार दिवे लुकलुकत असतात, आणि तिच्या योगानें घरांतील संगणक, फोन व दूरचित्रवाणी हीं सर्व इंटरनेटच्या जाळ्याशीं जोडलीं जातात. या पेटीस राउटर म्हणतात. प्रस्तुत लेख तिच्याविषयीं, किंबहुना तिच्या पोटांतील आज्ञावलीविषयीं आहे. इंटरनेटवरील पत्त्यांची नवी पद्धति लिहून तयार झाली त्यास सुमारें तीस वर्षें झालीं. तरी ती कित्येक घरांच्या उंबरठ्याशीं अडून राहिली. याचें एक मोठें कारण ही पेटी होय. असें कां व्हावें, आणि त्यांत सामान्य घराचें काय जातें, हें आम्ही वाचकांस शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगणार आहों.

प्रथम पत्ता म्हणजे काय तें पाहूं. टपालानें पत्र पाठवावयाचें तर पाकिटावर दोन गोष्टी लागतात : ज्यास पाठवावयाचें त्याचा ठावठिकाणा, आणि उत्तर यावें म्हणून आपला स्वतःचा. इंटरनेटवरहि असेंच आहे. आपण एखादें चित्र मागविलें म्हणजे तें अखंड येत नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होऊन येतात. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात, आणि वाटेंतील प्रत्येक राउटर घेणाऱ्याचा पत्ता वाचून तें पुढील मुक्कामाकडे रवाना करतो. पत्ता म्हणजे नुसता एक आंकडा. सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रानें हा आंकडा ३२ बिटांचा ठरविला. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकीं एक खूण. अशा ३२ खुणांच्या सर्व जुळण्या मोजल्या तर त्या ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारें ४२९ कोटी भरतात. या पद्धतीस आयपीव्ही-४ असें नांव आहे, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील अर्पानेट नांवाच्या जाळ्यानें तिचा अंगीकार केला.

त्या काळीं संगणक मुख्यतः विद्यापीठांतून व सरकारी खात्यांतून असत. घरोघरीं, इतकेंच नव्हे तर खिशाखिशांत संगणक येईल, असा हिशेब धरून हे पत्ते आंखले गेले नव्हते. जगाची लोकसंख्या तर तेव्हांच पत्त्यांच्या संख्येहून अधिक होती, आणि पुढें एकेका मनुष्यास दोन-दोन, तीन-तीन पत्ते लागूं लागले. परिणाम व्हावयाचा तो झाला. पत्त्यांचें वाटप करणाऱ्या आयाना या मध्यवर्ती संस्थेजवळचा शेवटचा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं संपला. आशिया व पॅसिफिक भागाचें वाटप पाहणाऱ्या एपनिक संस्थेवर त्याच वर्षीं १५ एप्रिल रोजीं हात आंखडता घेण्याची पाळी आली. उत्तर अमेरिकेचा साठा २४ सप्टेंबर २०१५ रोजीं व युरोपचा २५ नोव्हेंबर २०१९ रोजीं निःशेष झाला.

ही वेळ येणार हें जाणकारांनीं फार पूर्वींच ओळखलें होतें. डिसेंबर १९९५ मध्यें नव्या पद्धतीचें पहिलें नियमपत्र निघालें. डिसेंबर १९९८ मध्यें तें सुधारण्यांत आलें. आणि जुलै २०१७ मध्यें त्यास पूर्ण मानकाची पदवी मिळाली. या पद्धतीचें नांव आयपीव्ही-६. चारानंतर एकदम सहा कसे, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, पांच हा क्रमांक ध्वनि व चित्रें यांच्या अखंड वाहतुकीसाठीं योजिलेल्या एका प्रायोगिक पद्धतीस आधींच दिला गेला होता. म्हणून हिच्या वांट्यास सहा आला.

नव्या पत्त्यांत १२८ बिट असतात. ३२ चे १२८ झाले म्हणजे पत्ते चौपट झाले असें मात्र कोणीं समजूं नये. एक बिट वाढला कीं संख्या दुप्पट होते. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें चौसष्ट घरें भरून द्या, एवढेंच बक्षीस एका चतुर मनुष्यानें राजापाशीं मागितलें, आणि राजाचीं कोठारें त्यास पुरलीं नाहींत. त्या दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते. हींत आणखी एक दाणा मिळविला म्हणजे जी संख्या येते, तितके पत्ते नव्या पद्धतींत घरांतील एकाच जाळ्यासाठीं राखून ठेवितात ! कारण पत्त्याचे पहिले ६४ बिट जाळें कोणतें तें सांगतात, व उरलेले ६४ त्या जाळ्यांतील यंत्र कोणतें तें सांगतात. एकंदर पत्त्यांची संख्या ३९ आंकडी आहे. असा पत्ता लिहितांना नेहमींचे दहा अंक पुरत नाहींत. त्यांच्या जोडीला इंग्रजी वर्णमालेचीं पहिलीं सहा अक्षरें अंक म्हणून घेतात.

आतां कोणी म्हणेल, जुने पत्ते संपले तरी इंटरनेट बंद कां पडलें नाहीं ? याचें उत्तर राउटरच्याच एका युक्तींत आहे. ही युक्ति मे १९९४ मध्यें नियमपत्राच्या रूपानें मांडली गेली. तिला नॅट म्हणतात. एखाद्या मोठ्या वाड्याची कल्पना करा. आंत वीस बिऱ्हाडें आहेत, परंतु टपालखात्यास वाड्याचें एकच नांव ठाऊक आहे. देवडीवर एक कारकून बसतो. आंतून कोणी पत्र पाठविलें कीं तो त्यावरील खोलीचा क्रमांक खोडून वाड्याचें नांव घालतो, एक निराळा खूण-आंकडा लिहितो, आणि आपल्या वहींत नोंद करतो. उत्तर आलें म्हणजे खूण-आंकडा वहीशीं ताडून तें योग्य बिऱ्हाडीं पोंचवितो. घरचा राउटर हेंच काम करतो. १९२.१६८ या आंकड्यांनीं आरंभ होणारे पत्ते आपण घरच्या यंत्रांवर पाहतों, ते वाड्यांतील खोल्यांचे क्रमांक होत. फेब्रुवारी १९९६ च्या नियमपत्रानें ते अशा खासगी उपयोगासाठीं राखून ठेविले, आणि लाखों घरांतून तेच ते आंकडे वापरले जातात.

या युक्तीनें काळ निभावला हें खरें. परंतु तिची किंमत द्यावी लागते. बाहेरून कोणीं आपण होऊन पत्र धाडलें तर त्याची नोंद वहींत नसते, व कारकून तें टाकून देतो. म्हणजे घर बाहेर विचारूं शकतें, पण घरास बाहेरून कोणी विचारूं शकत नाहीं. पुढें पत्त्यांची टंचाई वाढली तेव्हां सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनीं हीच युक्ति दुसऱ्यांदा योजिली. एका वाड्याऐवजीं अख्ख्या पेठेच्या वेशीवर एक कारकून बसविला, आणि अनेक घरांस मिळून एकच पत्ता दिला. यासाठीं एप्रिल २०१२ मध्यें १००.६४ पासून आरंभ होणाऱ्या पत्त्यांचा एक निराळा गट राखण्यांत आला. अशा घरांतील विद्यार्थ्यानें स्वतः रचलेलें पृष्ठ आपल्याच संगणकावरून जगास दाखवूं म्हटलें तर तें साधत नाहीं, कारण वेशीवरचा कारकून त्याच्या ताब्यांत नसतो. पेठेंतील एकानें आगळीक केली आणि एखाद्या संस्थेनें तो पत्ता बंद केला, तर निरपराध शेजाऱ्यांचाहि मार्ग बंद होतो. पत्ता ही क्षुल्लक बाब दिसते. परंतु ज्यास स्वतःचा पत्ता नाहीं तो जाळ्यावर केवळ ग्राहक राहतो, घरमालक होत नाहीं. नव्या पद्धतीचें खरें महत्त्व येथें आहे.

मग अडचण कोठें आहे ? ती अशी कीं, जुनी व नवी पद्धति एकमेकींची भाषा जाणत नाहींत. प्रत्येक पॅकेटच्या आरंभीं चार बिटांत पद्धतीचा क्रमांक लिहिलेला असतो. ज्या राउटरच्या आज्ञावलींत केवळ चाराचाच विचार केलेला आहे, त्यापुढें सहाचें पॅकेट आलें तर मोडी न शिकलेल्या मनुष्यापुढें मोडीचा कागद ठेविल्यासारखें होतें. महासागराखालील तारा नव्या पद्धतीस तयार असोत, घरांतला संगणक तयार असो. मधली एक पेटी अडाणी असली म्हणजे सर्व तयारी व्यर्थ जाते.

ही पेटी शहाणी व्हावी म्हणून तिच्या आज्ञावलीस चार कामें शिकवावीं लागतात. पहिलें काम मागण्याचें. राउटरनें कंपनीच्या यंत्राकडे एक पत्ता नव्हे, तर पत्त्यांचा एक गटच मागावयाचा असतो. त्याचा विधि डिसेंबर २००३ मध्यें ठरला. कंपनी उदार असेल तर ती घरास २५६ किंवा त्याहूनहि अधिक जाळीं पुरतील इतका गट देते. दुसरें काम दवंडीचें. मिळालेल्या गटाचा आरंभ राउटर घरांत ठराविक वेळानें जाहीर करतो, आणि प्रत्येक यंत्र तो ऐकून आपल्या पत्त्याचा उरलेला अर्धा भाग स्वतःच रचतें. तिसरें काम पहाऱ्याचें, व चौथें दोन्ही पद्धति शेजारीं शेजारीं चालविण्याचें. कारण जुनी पद्धति एका दिवसांत नाहींशी होणार नाहीं.

यांपैकीं पहाऱ्याच्या कामाकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें. नॅटच्या पद्धतींत अनाहूत पत्र टाकून दिलें जात असे, तें रक्षणाच्या हेतूनें नव्हे, तर नोंद नसल्यामुळें. तरी तें रक्षण आयतेंच मिळत होतें. नव्या पद्धतींत प्रत्येक यंत्रास जगभर चालणारा पत्ता मिळतो; तेव्हां पहारेकरी मुद्दाम नेमला पाहिजे. याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००७ सालीं ॲपल कंपनीनें एअरपोर्ट एक्स्ट्रीम या नांवाचा नवा राउटर विक्रीस काढला. त्यांत नव्या पद्धतीची सोय होती, परंतु बाहेरून येणाऱ्या नव्या पद्धतीच्या जोडण्या आपोआप आंत सोडल्या जात असत. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत कंपनीनें सुधारलेली आज्ञावली देऊन हा दोष दूर केला. पुढें जानेवारी २०११ मध्यें घरगुती राउटरच्या पहाऱ्यासंबंधीं, आणि एप्रिल २०११ व नोव्हेंबर २०१३ मध्यें त्याच्या एकंदर कर्तव्यांसंबंधीं नियमपत्रें निघालीं. दार असावें, पण दाराला कडीहि असावी, हें त्यांचें सार म्हणतां येईल.

अर्धवट ज्ञान अज्ञानाहून घातक असतें, हा अनुभव येथेंहि आला. कांहीं राउटर घरांत नव्या पद्धतीची दवंडी पिटीत, पण बाहेरचा मार्ग मात्र त्यांजपाशीं नसे. मग संगणक आधीं नव्या वाटेनें जाई, उत्तराची वाट पाहून थके, आणि नंतर जुन्या वाटेला लागे. पृष्ठ उघडण्यास विलंब झाला कीं लोक दोष देत तो त्या पृष्ठाच्या चालकांस. या भीतीनें मोठमोठ्या संस्थाहि नवी पद्धति सुरू करण्यास कचरत होत्या. अखेर ८ जून २०११ रोजीं गूगल, फेसबुक, याहू वगैरे संस्थांनीं एक दिवसापुरती ती सर्वांसाठीं खुली करून परीक्षा पाहिली. आणि ६ जून २०१२ पासून ती कायमची चालू केली. त्या दुसऱ्या प्रसंगीं सिस्को व डी-लिंक या राउटर करणाऱ्या कंपन्यांनींहि आपल्या घरगुती राउटरांत नवी पद्धति आरंभापासूनच चालू ठेवण्याचें अभिवचन दिलें. आज्ञावलीचें महत्त्व मोठ्यांस पटल्याची ही खूण होती.

आज्ञावली हातीं असली म्हणजे काय होऊं शकतें, याचें उत्तम उदाहरण फ्रान्स देशांत घडलें. तेथें फ्री या नांवाची कंपनी आपल्या ग्राहकांस फ्रीबॉक्स नांवाची स्वतःची पेटी देत असे. पेटी कंपनीची, तींतील आज्ञावलीहि कंपनीचीच, आणि ती दुरून बदलण्याची सोय. २००७ च्या अखेरीस रेमी देप्रे या अभियंत्यानें एक योजना सुचविली. मधल्या वाटेवरील सर्व यंत्रें बदलण्यास वेळ लागेल, तर नव्या पद्धतीचें पॅकेट जुन्या पद्धतीच्या पाकिटांत घालून तेवढी वाट ओलांडावी, आणि पलीकडे पाकीट फोडावें. हें घालणें-काढणें घरच्या पेटीस शिकविलें म्हणजे झालें. योजना कळल्यापासून अवघ्या पांच आठवड्यांत १५ लाखांहून अधिक घरांस नवे पत्ते घेण्याची सोय झाली. ग्राहकानें इच्छा असल्यास ती चालू करावयाची, एवढेंच उरलें. एकहि नवी तार टाकावी लागली नाहीं, कीं कोणाच्या घरची पेटी बदलावी लागली नाहीं.

परंतु जेथें पेटी एकाची, जाळें दुसऱ्याचें व आज्ञावली तिसऱ्याची, तेथें हें काम इतकें सोपें नसतें. पेटी विकून झाली कीं पुष्कळ कारखानदार कांहीं वर्षांनीं तिची आज्ञावली सुधारण्याचें सोडून देतात. यंत्र धडधाकट असतें, पण त्याचें शिक्षण थांबतें. अशा वेळीं लोकांनीं स्वतः काय केलें, तेंहि ऐकण्यासारखें आहे. डिसेंबर २००२ मध्यें लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४-जी हा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर बाजारांत आला. त्याची आज्ञावली लिनक्सवर आधारलेली होती, आणि लिनक्सच्या परवान्याची अट अशी कीं, त्यावर आधारलेली रचना वांटणाऱ्यानें तिचा मूळ मजकूरहि द्यावा. लोकांनीं आग्रह धरल्यावरून २००३ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारानें २००४ सालीं ओपनडब्ल्यूआरटी नांवाचा उपक्रम सुरू झाला. निरनिराळ्या देशांतील हौशी लोकांनीं मिळून घरच्या राउटरांसाठीं नवी आज्ञावली लिहिली, व ती सर्वांस मोफत दिली. कारखान्यानें जें शिकविलें नव्हतें तें या लोकांनीं जुन्या पेट्यांस शिकविलें. आणि ऑक्टोबर २०१४ मध्यें निघालेल्या तिच्या आवृत्तींत नवी पत्ते-पद्धति कोणतीहि खटपट न करतां चालूं लागली.

तथापि यासहि मर्यादा आहे. त्या जुन्या पेटींत आज्ञावली ठेवण्यास अवघी ४ मेगाबाइट जागा होती, आणि २००५ मधील एका प्रकारांत तर ती २ मेगाबाइटांवर आणली गेली. दोन पद्धति, त्यांचा पहारा व इतर सुधारणा इतक्या लहान कपाटांत मावेनाशा झाल्या. अखेर ४ मेगाबाइट साठवण व ३२ मेगाबाइट स्मरणशक्ति असलेल्या यंत्रांस पुढील आवृत्त्यांतून वगळणें या उपक्रमास भाग पडलें. यावरून बोध एवढाच घ्यावयाचा कीं, पेटी घेतांना कारखानदारानें केलेली थोडीशी काटकसर पुढें ग्राहकास महाग पडते.

आपल्या देशाची स्थिति या बाबतींत कौतुकास्पद आहे, व कांहींशी विचार करण्यासारखीहि आहे. भारत सरकारच्या दूरसंचार खात्यानें जुलै २०१० मध्यें नव्या पद्धतीचा कार्यक्रम आंखला व मार्च २०१३ मध्यें तो सुधारला. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा खुली झाली, आणि तिच्या मोबाइल जाळ्यानें नवी पद्धति प्रारंभापासूनच स्वीकारली. यामुळें नव्या पद्धतीचा वापर ज्या देशांत सर्वांत अधिक आहे त्यांत आज हिंदुस्थानची गणना होते. मोबाइलवर ही प्रगति शीघ्र झाली याचें कारण उघड आहे. फोन व जाळें यांच्यामध्यें निराळी पेटी नसते, आणि लोक फोन थोड्या वर्षांनीं बदलतात. घरची पेटी मात्र बंद पडेपर्यंत कोणी हलवीत नाहीं. म्हणूनच २०२१ सालीं त्या खात्यानें कंपन्यांस सांगितलें कीं, ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या तारेवरील सर्व नव्या घरगुती जोडण्या नव्या पद्धतीस समर्थ असाव्या, आणि कंपन्यांनीं ग्राहकांकडे दिलेल्या जुन्या पेट्या क्रमाक्रमानें सुधाराव्या किंवा बदलाव्या. जगाचा विचार केला तर गूगलच्या मोजणीप्रमाणें तिच्याकडे येणाऱ्या लोकांपैकीं ४० टक्क्यांहून अधिक लोक आज नव्या वाटेनें येतात. २०१२ च्या अखेरीस हें प्रमाण जेमतेम १ टक्का होतें.

आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं ही पेटी असेल, आणि तिची देखरेख वडील माणसांपेक्षां त्यांजकडेच असण्याचा संभव अधिक. त्यांनीं वडिलांच्या अनुमतीनें चार गोष्टी अवश्य कराव्या. पेटीच्या व्यवस्थापन-पृष्ठावर आयपीव्ही-६ चें सदर आहे कीं नाहीं तें पाहावें. असल्यास तें चालू आहे काय, व त्याबरोबर पहाऱ्याची सोयहि चालू आहे काय, याची खातरी करावी. कारखानदारानें नवी आज्ञावली दिली असल्यास ती त्याच्याच अधिकृत ठिकाणाहून घ्यावी, आणि पेटीबरोबर आलेला परवलीचा शब्द बदलून टाकावा. नवी पेटी घेण्याचा प्रसंग आल्यास वेग किती, अँटेना किती, एवढेंच न विचारतां, ‘हिची आज्ञावली आपण किती वर्षें सुधारून द्याल ?’ हा प्रश्न दुकानदारास विचारावा. हा प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले म्हणजे उत्तर देणारे कारखानदारहि वाढतील.

मनुष्याचें शिक्षण शाळा सोडल्यावर थांबूं नये असें आपण म्हणतों. यंत्राविषयींहि आतां तेंच म्हणण्याची वेळ आली आहे. जुनें भांडें कल्हई लावून वापरण्याची आपल्या घरांची रीत आहे. जें टिकाऊ आहे तें टाकून न देतां काळास योग्य करून घ्यावें, हाच तींतील मर्म होय. घरच्या राउटरची आज्ञावली वेळच्या वेळीं सुधारणें ही त्याच जातीची गोष्ट आहे. तींत खर्च थोडा, श्रम त्याहून थोडे, आणि लाभ मात्र असा कीं, आपलें घर जगाच्या जाळ्यावर दुसऱ्याच्या नांवाआड न लपतां स्वतःच्या पत्त्यानें, आणि दाराला कडी घालून, सुखरूप नांदूं लागेल.